वऱ्हाडी बोलीचे ध्वनिमुद्रण आणि लहान स्टुडिओ मॉनिटर : निवड, मांडणी व जोड्यांची अदलाबदल

प्रस्तावना :

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या प्रदेशाची लोकबोली वऱ्हाडी होय. मेळघाटात कोरकू ही मुंडा कुळातील भाषा बोलली जाते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात वऱ्हाडीची नोंद घेण्यात आली. तेव्हा बोलीचा नमुना कागदावर उतरवून घ्यावा लागे. आज विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईलसुद्धा ध्वनिमुद्रण करू शकतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर बोलींच्या संकलनाविषयीची आस्था अधिकच वाढलेली दिसते. मराठी, भाषाविज्ञान, संगीत व समाजशास्त्र या विभागांतून बोली, ओव्या, भजने आणि मौखिक इतिहास यांचे ध्वनिमुद्रण करणारे प्रकल्प हाती घेतले जात आहेत.

मात्र या प्रकल्पांत मुद्रण कशावर करावे याची जेवढी चर्चा होते, तेवढी मुद्रित झालेले कशावर ऐकावे याची होत नाही. वास्तविक लिप्यंतर, विश्लेषण आणि संपादन हे सर्व निर्णय ऐकूनच घेतले जातात. ऐकण्याचे साधन सदोष असेल तर निर्णयही सदोष ठरतो, आणि तो सदोष आहे हे कळण्याचा मार्गही उरत नाही.

प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्या चुकीतून घेतला आहे. २०१३ साली एम. फिल.च्या लघुप्रबंधासाठी दर्यापूर तालुक्यातील एका वयोवृद्ध महिलेच्या ओव्या आणि आठवणी मुद्रित केल्या होत्या. वऱ्हाडीत ‘ळ’ या वर्णाच्या जागी ‘य’ येतो, ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो, हे सर्वश्रुत आहे. वृद्ध आणि तरुण पिढीच्या बोलण्यात हा बदल कितपत टिकून आहे, हा अभ्यासाचा मुख्य प्रश्न होता. त्या काळी उपलब्ध असलेल्या, सबवूफर जोडलेल्या होम थिएटरवर तो आवाज घुमल्यासारखा वाटला. म्हणून खालचे स्वर कमी केले, वरचे वाढविले आणि जागा वाचविण्यासाठी तीच फाईल एमपी-३ स्वरूपात मूळ फाईलवर जतन केली. काही महिन्यांनी दुसऱ्या स्पीकरवर तेच मुद्रण ऐकले, तेव्हा आवाज पातळ व कर्कश लागत होता. अनेक ठिकाणी त्या आजींनी ‘ळ’ उच्चारला, ‘य’ उच्चारला की या दोहोंमधला एखादा ध्वनी, हे निश्चित सांगता येईना. पुन्हा विचारण्यासाठी गावी गेलो असता त्यांचे निधन झाल्याचे समजले. तक्त्यातील ती उदाहरणे वगळावी लागली. घुमणारा आवाज मुद्रणात नव्हताच, तो खोलीत आणि स्पीकरमध्ये होता, हे पुढे लक्षात आले.

उद्दिष्टे :

१. स्टुडिओ मॉनिटर आणि घरगुती स्पीकर यांतील फरक स्पष्ट करणे.
२. महाविद्यालयाच्या लहान खोलीसाठी मॉनिटर निवडण्याचे निकष सांगणे.
३. स्पीकरच्या एकाहून अधिक जोड्या वापरण्याची आवश्यकता व त्यांच्या अदलाबदलीची पद्धत विशद करणे.

मॉनिटर म्हणजे काय ?

घरगुती स्पीकर ऐकणाऱ्याला सुख देण्यासाठी बनविलेला असतो. त्यासाठी खालचे व वरचे स्वर किंचित उठावदार ठेवण्याची प्रथा आहे. मॉनिटरचे कार्य वेगळे आहे. मुद्रणात जे आहे तेवढेच, त्यातील दोषांसह, ऐकविणे हे त्याचे काम होय. आरसा आणि छायाचित्रकाराने सजवून काढलेले छायाचित्र यांत जो फरक, तोच येथेही आहे.

लहान मॉनिटरचा इतिहास मानवी आवाजाशी निगडित आहे. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी ‘एलएस ३/५ ए’ हा सुमारे ३० सें.मी. उंचीचा मॉनिटर विकसित केला. गाडीत मोठा स्पीकर मावत नव्हता आणि हेडफोनवर विसंबणे इष्ट नव्हते. त्यामुळे लहान पेटीतून आवाजाची पारख करता येणे गरजेचे होते. यामाहा कंपनीचा ‘एनएस १०’ हा १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला, परंतु पुढे जगभरातील स्टुडिओंत त्याचा पांढरा पडदा ओळखीचा झाला. २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी साउदॅम्प्टन विद्यापीठातील चाचण्यांच्या आधारे असे मांडण्यात आले की, बंद पेटीच्या या स्पीकरमध्ये खालचे स्वर लवकर विरतात आणि हे त्याच्या उपयुक्ततेचे एक कारण आहे. अर्थात चांगला मॉनिटर गोडच वाटला पाहिजे असे नाही. जो स्वर संपला तो संपल्याचे त्याने दाखविले पाहिजे.

‘ळ’, ‘य’ आणि क्रॉसओव्हर :

बहुतेक लहान मॉनिटरमध्ये दोन घटक असतात. खालच्या व मधल्या स्वरांसाठी वूफर आणि वरच्या स्वरांसाठी ट्विटर. या दोहोंत ध्वनीची विभागणी ज्या कंप्रतेला होते तिला क्रॉसओव्हर म्हणतात. लहान मॉनिटरमध्ये ही कंप्रता साधारणतः २००० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान असते.

बोलीच्या अभ्यासकासाठी नेमका हाच पट्टा महत्त्वाचा आहे. ‘य’ उच्चारताना मुखविवरातील दुसरा अनुनाद वर चढून २००० हर्ट्झच्या परिसरात किंवा त्याही पुढे जातो. ‘ळ’ उच्चारताना तो बराच खाली राहतो. मूर्धन्य वर्णांची ओळख पटविण्यात तिसऱ्या अनुनादाचे खाली येणेही साहाय्यक ठरते. म्हणजे ज्या ठिकाणी वूफर आणि ट्विटर एकमेकांकडे काम सोपवितात, त्याच ठिकाणी ‘डोळा’ आणि ‘डोया’ यांतील भेद दडलेला असतो. ऐकणाऱ्याचे कान ट्विटरच्या पातळीपेक्षा फार वर वा खाली असतील, तर दोन्ही घटकांपासून कानापर्यंतचे अंतर बदलते आणि या पट्ट्यातील ध्वनिलहरी एकमेकींना काही अंशी रद्द करतात. उभ्या रचनेचा मॉनिटर टेबलावर आडवा निजवून ठेवल्यास डोके डावी-उजवीकडे हलविले तरी हाच दोष उद्भवतो. अनेक प्रयोगशाळांत मॉनिटर जागेअभावी आडवे ठेवलेले आढळतात, म्हणून याचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

निवडीचे निकष :

महाविद्यालयीन खरेदी दरपत्रके मागवून होते आणि तुलनात्मक तक्त्यात सर्वांत कमी दराला मान्यता मिळते. म्हणून मागणीपत्रातील तपशील काटेकोर असणे हाच गुणवत्तेचा एकमेव आधार ठरतो. पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

१. वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. घरगुती संचांच्या खोक्यांवर छापलेले ‘पीएमपीओ’चे हजारोंचे आकडे निरर्थक असतात. एक मीटर अंतरावर बसून बोलणे ऐकण्यासाठी प्रत्येक घटकास काही दशक वॅट पुरेसे असतात.

२. कंप्रतेची मर्यादा किती डेसिबलच्या घटीवर मोजली आहे ते पाहावे. उदाहरणार्थ, यामाहाच्या ‘एचएस ५’ या पाच इंची वूफरच्या मॉनिटरची खालची मर्यादा १० डेसिबलची घट धरून ५४ हर्ट्झ, तर ३ डेसिबलची घट धरून ७४ हर्ट्झ अशी दिली जाते. साधन एकच, पण आकडे दोन. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करताना निकष समान आहे काय, हे पाहिलेच पाहिजे.

३. लहान खोलीस चार ते पाच इंची वूफर पुरेसा आहे. पुरुषी आवाजाचा मूलस्वर साधारणतः १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो या आकाराच्या मॉनिटरच्या आवाक्यात येतो. मोठ्या वूफरने लहान खोलीचे दोष अधिक चेतविले जातात.

४. शक्यतो सक्रिय, म्हणजे अॅम्प्लिफायर आतच असलेला मॉनिटर घ्यावा. त्यात प्रत्येक घटकास स्वतंत्र अॅम्प्लिफायर असल्यास उत्तम. बाहेरचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची जुळणी करण्याचा प्रश्न त्यामुळे उरत नाही.

५. मागील बाजूस संतुलित जोडणीची सोय आणि भिंतीजवळ ठेवल्यास खालचे स्वर कमी करण्याची कळ असावी. संतुलित जोडणीमुळे तारेतून शिरणारी विजेची गुणगुण बऱ्याच अंशी टळते.

खोली आणि मांडणी :

दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच खोली ही ऐकण्यासाठी सर्वांत गैरसोयीची होय. हवेतील ध्वनीचा वेग २५ अंश सेल्सिअसला सेकंदास सुमारे ३४६ मीटर असतो. त्या हिशेबाने अशा खोलीत सुमारे ५७ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील ११३, १७० हे स्वर तिन्ही दिशांनी एकाच वेळी घुमतात. यांपैकी ११३ हर्ट्झ ही ऐन पुरुषी आवाजाची जागा आहे. लांबी, रुंदी व उंची वेगवेगळी असलेली खोली मिळत असेल तर तीच निवडावी.

भिंतीवरून परतणारा ध्वनी दुसरा दोष निर्माण करतो. मॉनिटरची दर्शनी बाजू मागील भिंतीपासून ६० सें.मी. दूर असल्यास सुमारे १४४ हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो आणि आवाज पोकळ वाटतो. हेच अंतर ४० सें.मी. केल्यास खळगा सुमारे २१६ हर्ट्झवर सरकतो. म्हणून मॉनिटर थोडे पुढेमागे करून एकच बोलीनमुना ऐकून पाहावा आणि मगच जागा पक्की करावी.

दोन मॉनिटर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. एक मीटरच्या आसपासची बाजू लहान खोलीस योग्य असते. ट्विटर कानाच्या उंचीवर असावेत.

शहाबादी फरशी, चुन्याने रंगविलेल्या भिंती आणि सिमेंटचे छत असलेल्या आपल्या वर्गखोल्यांत आवाज फार वेळ रेंगाळतो. वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश आहे. जाड कापसाच्या गाद्या बाजूच्या भिंतींना, जेथून ध्वनी पहिल्यांदा परततो तेथे, लावल्यास मधले व वरचे स्वर चांगले शोषले जातात. खालच्या स्वरांवर मात्र त्यांचा फारसा परिणाम होत नाही. कापूस ज्वलनशील असल्याने त्या वीजजोडणीपासून दूर ठेवाव्यात.

अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय बसणे अवघड जाते. परंतु कूलरच्या घरघरीत शब्दाच्या शेवटी येणारे महाप्राण व उच्छ्वास बुडून जातात. म्हणून मे महिन्यात लिप्यंतराचे काम सकाळी लवकर, कूलर आणि पंखा बंद ठेवून करणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

एकाहून अधिक जोड्या कशासाठी ?

वरील सर्व दक्षता घेतल्यानंतरही एकच जोडी वापरणाऱ्या अभ्यासकास एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही : ऐकू येणारा दोष मुद्रणाचा की स्पीकरचा ? दुसरी, वेगळ्या घडणीची जोडी असल्यास हा प्रश्न सोडविता येतो. दोष दोन्ही जोड्यांवर सारखाच ऐकू आला तर तो मुद्रणातील असण्याची शक्यता अधिक. एकीवर ऐकू आला आणि दुसरीवर आला नाही तर स्पीकर वा त्याची जागा संशयास्पद ठरते. दोन्ही जोड्या एकाच खोलीत असल्याने खोलीचा दोष दोहोंवर येऊ शकतो, म्हणून खोलीचा प्रभाव वगळणारा हेडफोन तिसरा साक्षीदार म्हणून जवळ ठेवावा. प्रस्तुत लेखकाने २०१३ साली एवढी एक तपासणी केली असती तर ते मुद्रण वाचले असते.

दुसरे कारण श्रोत्यांचे आहे. आपले संकलन शेवटी मोबाईलवर, वर्गातील एकाच स्पीकरवर किंवा गावच्या कार्यक्रमात भोंग्यावर ऐकले जाते. मोबाईल आणि भोंगा यांतून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. म्हणून मुख्य मॉनिटरच्या जोडीला एक लहान, एकाच घटकाचा स्पीकर ठेवावा आणि त्यावर दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकावे. ऑराटोन नावाचे अशा घडणीचे घनाकार स्पीकर १९७० च्या दशकापासून स्टुडिओंत याच हेतूने वापरले गेले. एकच घटक असल्याने त्यात क्रॉसओव्हर नसतो. ‘ळ’ आणि ‘य’ यांविषयी शंका आल्यास या स्पीकरचे मत घेणे विशेष उपयुक्त ठरते.

अदलाबदलीची व्यवस्था :

सक्रिय मॉनिटरच्या बाबतीत अदलाबदल अॅम्प्लिफायरच्या अगोदर, म्हणजे क्षीण विद्युतसंकेताच्या पातळीवर होते. संगणकाचा ऑडिओ इंटरफेस आणि मॉनिटर यांच्यामध्ये ‘मॉनिटर कंट्रोलर’ ही पेटी जोडली जाते. तिच्यावर दोन वा तीन जोड्यांच्या कळा, आवाजाची एक मुख्य घुंडी आणि दोन्ही वाहिन्या एकत्र करण्याची कळ असते. इंटरफेसला चार निर्गम असल्यास हेच काम त्याच्या सॉफ्टवेअरमधूनही करता येते.

निष्क्रिय स्पीकर असल्यास अदलाबदल अॅम्प्लिफायरनंतर होते आणि तेथे धोका अधिक असतो. आठ ओहमच्या दोन जोड्या एकाच वेळी समांतर चालू केल्यास अॅम्प्लिफायरवरील संरोध चार ओहम होतो. अॅम्प्लिफायर तेवढ्यासाठी बनविलेला नसेल तर तो तापून निकामी होऊ शकतो. म्हणून एका वेळी एकच जोडी चालू राहील आणि पहिली जोडणी पूर्ण तुटल्यावरच दुसरी जुळेल, अशी स्विचपेटी घ्यावी. तारा जोडताना धन व ऋण टोके उलट होणार नाहीत याची काळजी घ्यावी. एका बाजूची टोके उलटल्यास आवाज मधोमध स्थिर न राहता विखुरतो आणि खालचे स्वर नाहीसे होतात.

चालू करताना मॉनिटर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळावा. अन्यथा इतर उपकरणांच्या धक्क्याने ट्विटरला इजा पोहोचते.

पातळी समान करणे :

अदलाबदलीतील सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीमुळे होते. दोन जोड्यांपैकी जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला अधिक चांगली वाटते. एखाद्या डेसिबलचा फरकही यास पुरेसा असतो. शिवाय कानाची संवेदना सर्व कंप्रतांना सारखी नसते आणि ती पातळीनुसार बदलते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे. हळू आवाजात खालचे स्वर कानाला अधिक कमी झालेले वाटतात. म्हणजे पातळी समान नसेल तर आपण स्पीकरची नव्हे, आपल्याच कानाच्या स्वभावाची तुलना करीत असतो.

यासाठी पिंक नॉईज नावाचा कसोटीध्वनी वाजवावा. बसण्याच्या जागी ध्वनिपातळीमापक ठेवून प्रत्येक स्पीकर एकेकटा मोजावा आणि सर्वांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून घ्यावी. लहान खोलीत ७० ते ७५ डेसिबलच्या दरम्यानची पातळी बोलणे ऐकण्यास सोयीची असते. मापक नसेल तर मोबाईलवरील उपयोजनही चालते, कारण येथे पातळीतील फरक मोजायचा आहे, तिचे अचूक मूल्य नव्हे. एकदा जुळविलेल्या घुंड्यांवर खूण करून ठेवावी व पुढे केवळ मुख्य घुंडीच वापरावी.

ऐकण्याची पद्धत :

अदलाबदल करताना कोणती जोडी वाजत आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक नसावे. एका विद्यार्थ्याने कळ दाबावी आणि दुसऱ्याने पाठ फिरवून ऐकलेला शब्द लिहावा. पाच-दहा सेकंदांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवावा. लांबलचक मुद्रण ऐकून घेतलेली तुलना स्मरणात टिकत नाही.

कसोटीसाठी आपल्याच प्रदेशातील ध्वनी वापरावेत. ओळखीच्या व्यक्तीचे समोरासमोर ऐकलेले आणि लगेच मुद्रित केलेले बोलणे ही पहिली कसोटी, कारण त्याचे मूळ आपल्या कानात ताजे असते. खंजिरी ही दुसरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनपरंपरेमुळे हे वाद्य वऱ्हाडात घरोघरी परिचित आहे. तिच्या चामड्यावरील थाप आणि झांजांची किणकिण हे दोन्ही ध्वनी क्षणात उमटून क्षणात विरतात. ज्या मॉनिटरवर थाप आणि किणकिण वेगवेगळ्या ऐकू येतात तो चांगला. ज्यावर त्यांचा एकच गोंगाट होतो तो बोलीच्या सूक्ष्म उच्चारांसाठीही अपुरा समजावा.

निष्कर्ष :

१. मॉनिटरची निवड आवाजाच्या गोडव्यावरून न करता त्याच्या खरेपणावरून करावी. बोलीच्या अभ्यासासाठी २००० ते ३००० हर्ट्झचा पट्टा निर्णायक असल्याने मॉनिटरची उंची व दिशा यांना त्याच्या किमतीइतकेच महत्त्व आहे.

२. चार-पाच इंची वूफरची एक सक्रिय जोडी, एक लहान एकघटकी स्पीकर, एक हेडफोन आणि अदलाबदलीची साधी पेटी एवढी सामग्री एखाद्या विभागास पुरेशी आहे. निधी अपुरा असल्यास महागडी एक जोडी घेण्याऐवजी साध्या दोन घ्याव्यात.

३. पातळी समान केल्याशिवाय केलेली कोणतीही तुलना ग्राह्य धरू नये.

४. मूळ मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वा त्याहून वरच्या प्रतीच्या असंक्षेपित स्वरूपात दोन ठिकाणी जतन करावे आणि त्यात कधीही बदल करू नये. सर्व सुधारणा प्रतीवर कराव्यात, त्याही दोन साधनांवर ऐकून झाल्यानंतरच.

स्पीकर पुन्हा विकत घेता येतो, खोली पुन्हा लावता येते. परंतु ऐंशी वर्षे जगलेल्या माणसाच्या तोंडचा ‘डोया’ पुन्हा मुद्रित करण्याची संधी सहसा मिळत नाही. पुढील पिढीचा अभ्यासक आपण जतन केलेल्या मुद्रणावरच विसंबणार आहे, याचे भान ठेवून प्रत्येक विभागाने मुद्रणाइतकीच ऐकण्याचीही व्यवस्था उभी करावी, ही अपेक्षा.